नृत्य-फिटनेसचे ग्रुप क्लास: जिम ट्रेनरने यात पडावं का? पडायचं तर काय शिकून?

आठमोजा

पर्सनल ट्रेनिंग करणाऱ्या मंडळींसाठी धागा काढतोय. एका तासात एकच माणूस, आणि दिवसाचे चालणारे तास म्हणजे सकाळचे तीन-चार, संध्याकाळचे तीन-चार. त्यापुढे कमाई वाढवायची तर फी वाढवा नाहीतर झोप कमी करा. ग्रुप क्लासमध्ये त्याच तासात वीस जण समोर असतात, म्हणून बऱ्याच ट्रेनरांचा डोळा तिकडे असतो. पण "मला नाचता येत नाही" म्हणत निम्मे मागे फिरतात, आणि "मला छान नाचता येतं" या भरवशावर उतरलेले बरेचसे तोंडघशी पडतात.

माझ्या मते या कामात नाचण्यापेक्षा सांगण्याचं कसब जास्त लागतं. समोरच्याला पुढची स्टेप वेळेवर कळली की क्लास चालतो. जॅझरसाइजचा (जॅझ नाचावर बेतलेल्या व्यायामप्रकाराचा) इतिहास बघा. १९६९ साली ज्युडी शेपर्ड मिसेट यांच्या जॅझ डान्सच्या वर्गातून बायका गळायला लागल्या, कारण त्यांना नर्तकी व्हायचं नव्हतं, अंगाने हलकं व्हायचं होतं. मिसेटबाईंनी त्यांची तोंडं आरशापासून फिरवली, तंत्राचा आग्रह सोडला आणि वर्ग भरला. झुंबाही तसंच. कोलंबियातल्या काली शहरात बेटो पेरेझ यांनी नव्वदच्या दशकात ते सुरू केलं, २००१ साली त्याची कंपनी झाली. त्यातही सोप्या, परत परत येणाऱ्या स्टेप्स हाच गाभा आहे.

संगीत, क्यू (पुढच्या स्टेपची आगाऊ सूचना), जागा, दुखापती, पैसे, परवाने... ज्याला जे नीट माहीत आहे ते लिहा. आत्मचरित्र नको, कामाचं लिहा.

पायरव

क्यूपासूनच सुरुवात करते, कारण नव्या ट्रेनरचा क्लास इथेच कोलमडतो.

नियम साधा आहे: स्टेप बदलण्याच्या चार काउंट (गाण्याचे ठोके) आधी सांगायचं. आठच्या मोजणीत ५-६-७-८ ही तुमची बोलायची जागा. "आता ग्रेपवाइन उजवीकडे" (ग्रेपवाइन म्हणजे एक पाय दुसऱ्याच्या मागून नेत बाजूला जायचं) हे आठव्या काउंटपर्यंत बोलून संपलं पाहिजे, म्हणजे पुढच्या एकला पाय पडतो. नवे ट्रेनर एकवर बोलतात आणि एकवरच करतात. मग समोरचे तीनवर सुरू होतात, पाचपर्यंत सावरतात, तोवर स्टेप संपते. लोकांना वाटतं आपल्याला जमत नाही, आणि पुढच्या आठवड्यात ते येत नाहीत.

मोजायचं ते उलटं: "चार, तीन, दोन, ग्रेपवाइन". सरळ "एक, दोन, तीन, चार" मोजल्याने किती झालं ते कळतं. समोरच्याला किती उरलं ते हवं असतं.

शब्द तीनच: काय, कुठे, किती. "व्ही-स्टेप, पुढे, दोनदा." (व्ही-स्टेप म्हणजे पावलं इंग्रजी व्हीसारखी पुढे-बाहेर आणि परत मागे-आत.) त्या वेळी "छान! मस्त! हात वर!" घुसडू नका. शाबासकीची जागा स्टेप चालू असताना, बदलाच्या आधी नाही.

हाताच्या खुणाही पहिल्या दिवसापासून पक्क्या ठेवा. डोक्यावर थाप म्हणजे पहिल्यापासून. चार बोटं म्हणजे अजून चार. दिशेची खूण डोक्याच्या वरून करा. छातीपाशी दाखवलेलं बोट तिसऱ्या रांगेला दिसत नाही.

वजनदार

विषय चांगला आहे, पण स्पष्टच विचारतो. याला व्यायाम म्हणायचं की करमणूक? प्रोग्रेसिव्ह ओव्हरलोड (हळूहळू भार वाढवत नेणं) नाही, ताकद वाढत नाही, फॉर्म बघायला कुणी मोकळं नाही. ट्रेनरने शिकलेलं सगळं गुंडाळून ठेवायचं का?

आठमोजा

वजनदार, निम्मं मान्य. ताकदीचा व्यायाम म्हणून हे विकू नयेच. आठवड्यातून दोनदा स्नायूंच्या ताकदीचं काम वेगळं लागतं, ते नाचून भरून निघत नाही. पण आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम श्रमाची हालचाल जी सांगितली जाते, तीच बहुतेकांची होत नाही. ५० मिनिटांचे तीन क्लास म्हणजे ती झाली.

आकडे बघा. श्रम मेटमध्ये मोजतात, म्हणजे शांत बसण्याच्या किती पट. एरोबिक नृत्याला कमी उड्यांच्या प्रकारात साधारण ५ मेट आणि उड्यांच्या प्रकारात ७.३ मेट धरतात. मिनिटाला कॅलरी = मेट × ३.५ × वजन ÷ २००. साठ किलोच्या माणसाला ५ मेटला मिनिटाला सव्वापाच, म्हणजे ४५ मिनिटांत २३५ च्या आसपास. ७.३ मेटला ३४५. "एका तासात हजार कॅलरी" अशी जाहिरात दिसली की हेच सूत्र उलटं लावा. साठ किलोला तासभर १६ मेट लागतील, आणि ताशी १६ किलोमीटरने धावणंही त्याच्या खालीच येतं. असली पत्रकं छापू नका. एक शहाणा मेंबर गणित करतो आणि बाकीच्या दहांना सांगतो.

वजनदार

हे पटलं. मग तीव्रता मोजता कशी? वीस जणांच्या मनगटावर बोट ठेवणार का?

श्वासरेषा

बोलण्याची चाचणी पुरते. चालू गाण्यात "सगळे ठीक?" असं विचारायचं. पूर्ण वाक्य निघालं तर मध्यम, दोन-तीन शब्दांत धाप लागली तर जोरात, आणि उत्तरच आलं नाही तर त्या माणसाकडे बघा. सोबत ० ते १० ची श्रमाची पट्टी भिंतीवर लावा. मुख्य भागात ५ ते ७, मध्ये एखादं गाणं ८.

नाडीच हवी असेल तर २०८ − (०.७ × वय) हे सूत्र २२० वजा वयापेक्षा मोठ्या वयात बरं उतरतं. चाळिशीला कमाल १८० येते, मध्यम श्रम म्हणजे त्याच्या ६४ ते ७६ टक्के, साधारण ११५ ते १३७. दोन गोष्टी मात्र ध्यानात ठेवा. बीटा-ब्लॉकर (रक्तदाब, हृदयविकारावरचं औषध) घेणाऱ्याची नाडी नेहमीइतकी वर चढत नाही, त्याला पट्टीच वापरायला सांगा. आणि हात सतत डोक्यावर ठेवले की श्रम तेवढे नसतानाही नाडी वाढलेली दिसते. घड्याळात १५० दाखवतंय म्हणून क्लास भारी झाला असं होत नाही.

तीव्रता वाढवायची तर क्रम असा: आधी हालचाल मोठी करा (पाऊल लांब, गुडघा वर), मग जागा बदला (चार पावलं पुढे, चार मागे), मग हात, सगळ्यात शेवटी उडी. गाण्याचा वेग वाढवणं हा सगळ्यात वाईट मार्ग. वेग वाढला की लोक पावलं आखडती घेतात आणि मेहनत उलट कमी होते.

तालमात्रा

संगीतावर लिहितो. फिटनेससाठी गाणं ३२ काउंटच्या ब्लॉकमध्ये ऐकायला शिका. आठाची चार आवर्तनं म्हणजे एक ब्लॉक. वाक्य संपतं, वाद्य बदलतं, ठेका भरतो, हे सगळं बहुधा या ३२ च्या शिवेवर घडतं. स्टेप तिथे बदलली की न सांगताही अर्ध्या लोकांना बदल जाणवतो.

गाणं बसवण्याआधी कागदावर उतरवा. उदाहरणार्थ, १२८ बीपीएमचं (मिनिटाला १२८ ठोके) साडेतीन मिनिटांचं गाणं म्हणजे ४४८ बीट, म्हणजे ५६ आठ, म्हणजे १४ ब्लॉक. एका ओळीत एक आठ, असं लिहा: सुरुवातीचं वाद्य ४ आठ, कडवं ८, चढण ४, ध्रुवपद ८. मध्येच कुठेतरी अर्धा आठ जास्तीचा निघतो, चार काउंटचा. तो लाल पेनाने. नाचताना गडबड नेमकी तिथेच होते. त्या चार काउंटला ठरलेली हालचाल ठेवा, चार टाळ्या किंवा जागेवर चार पावलं.

बीपीएम मोजायला ॲप नसलं तरी चालतं. पंधरा सेकंद पाय आपटा, चारने गुणा. मात्र लॅटिन संगीतातल्या सालसात आकडा १८० च्या वर जातो आणि रेगेटॉनमध्ये ९०-१०० वर येतो, त्यावरून दमछाक ठरवू नका. सालसात पाऊल अर्ध्या वेगाने टाकता येतं आणि रेगेटॉनमध्ये दुप्पट. पायाचा वेग मोजा, गाण्याचा नाही.

ढोबळ मानाने वॉर्मअप १२० ते १३०, मुख्य भाग १३० ते १५०, शेवटचं ताणाचं गाणं १०० च्या आत. गाणं थोडं संथ वा जलद करायचं असेल तर पाच टक्क्यांपर्यंत सहसा कुणाच्या कानाला कळत नाही.

नवशिकी

मी ट्रेनिंगचा कोर्स संपवत आणलाय. गाण्यागणिक कोरिओग्राफी बसवायची की सलग मिक्सवर स्टेप्स जोडत जायचं? दोन्ही ऐकलंय.

तालमात्रा

@नवशिकी, दोन्ही चालतात, पण कष्टाची जागा वेगळी. गाण्यागणिक बसवलं की घरी मेहनत जास्त, क्लासात कमी: कडव्याला एक स्टेप, चढणीला दुसरी, ध्रुवपदाला तिसरी, आणि दर वेळी तेच. लोक दुसऱ्या कडव्याला आपोआप येतात. सलग मिक्सवर जोडत जायचं तर बोलणं प्रचंड लागतं. सुरुवात गाण्यागणिकच करा.

पायरव

सहमत. पण जोडत जाण्याची पद्धत यायलाच हवी. गाणं अडकलं, मिक्स बदललं, की तीच वाचवते. एक पूर्ण ब्लॉक देते:

पहिला आठ: ग्रेपवाइन उजवीकडे, ग्रेपवाइन डावीकडे.
दुसरा आठ: व्ही-स्टेप दोनदा.
तिसरा आठ: गुडघा वर, आलटून पालटून चारदा.
चौथा आठ: जागेवर मार्च आठ पावलं, हात मोकळे.

आधी एकेक स्टेप ३२ काउंट, मग १६-१६, मग ८-८. पहिली आणि दुसरी जोडा, पक्की झाली की तिसरी, मग चौथी. नवी स्टेप शिकवण्याआधी थोडा मार्च ठेवा, त्यात दाखवून घ्या. सगळं मिळून चार-पाच मिनिटांत ब्लॉक उभा राहतो.

आता खरी गोम. वरचा ब्लॉक कितीही वेळा केला तरी सुरुवात उजव्याच पायाने होते. पंचेचाळीस मिनिटं एकाच बाजूने आघाडी घेतली की एका बाजूची पोटरी आणि कंबर भरून येते. कुठल्या स्टेपने पाय बदलतो हे पाठ करायची गरज नाही, वजन किती वेळा एका पायावरून दुसऱ्यावर गेलं ते मोजा. विषम आलं की पाय बदलला. ग्रेपवाइनमध्ये तीन पावलं आणि एक टॅप, टॅपवर वजन जात नाही, म्हणजे तीन, विषम, बदलला. दोन ग्रेपवाइन म्हणजे सहा, परत उजवा. व्ही-स्टेप चार, बदल नाही. मांबो (पाऊल पुढे, मग वजन परत मागच्या पायावर) आणि त्याला चा-चा-चा (तीन झटपट पावलं): दोन अधिक तीन, पाच, बदलला.

म्हणून दुसऱ्या आठात एक व्ही-स्टेप ठेवा आणि उरलेल्या चार काउंटला मांबो-चा-चा-चा टाका. ब्लॉक पहिल्यांदा उजव्याने संपूर्ण होईल आणि दुसऱ्यांदा आपोआप डाव्याने सुरू होईल. एवढं एक कळलं की दुसऱ्याची कोरिओग्राफी विकत घ्यायची गरज निम्मी होते.

नवशिकी

हे कोर्समध्ये कुणी असं सांगितलंच नव्हतं! वाचनखूण साठवली.

टाचटोक

दुखापतींबद्दल कुणी लिहीत नाहीये म्हणून.

१) फरशी. काँक्रीटवर चिकटवलेली टाइल ही सगळ्यात वाईट, नडग्या दुखायला लागतात. खाली पोकळी असलेली लाकडी जमीन उत्तम. गालिच्यावर वळणाच्या स्टेप्स नकोतच, बूट अडकतो आणि पीळ गुडघ्यात जातो.

२) बूट. धावण्याचे बूट पुढे जाण्यासाठी बनवलेले असतात. पुढच्या भागाची पकड जास्त, टाच उंच, बाजूला आधार कमी. बाजूच्या पावलाला घोटा मुरगळतो तो यामुळे. चवड्याखाली गुळगुळीत गोल भाग असलेले डान्सचे बूट बरे. ते नसतील तर सपाट तळाचे ट्रेनिंग शूज. नवीन मेंबरला पहिल्या दिवशीच सांगा.

३) वळण. टाच उचला, चवड्यावर फिरा, मग टाच टेका. टाच जमिनीला टेकलेली आणि शरीर फिरलं, ही गुडघ्याची सगळ्यात मोठी चूक. "टाच सोडा" हे दोनच शब्द वळणाच्या आधी दर वेळी म्हणा.

४) उडीनंतर टाच टेकलीच पाहिजे. सतत चवड्यावर राहणाऱ्यांची पोटरी आणि तळवा आधी जातात. एका पायावर सलग आठाहून जास्त उड्या लावू नका.

आणि ट्रेनरची स्वतःची दुखापत. मेंबर आठवड्याला तीन क्लास करतो, तुम्ही दहा करता. त्या दहांत प्रत्येक गाणं जीव तोडून नाचायचं नसतं. दोन कडवी करून दाखवा, पुढे स्टेप लहान करा, रांगांतून फिरा. दिवसात दोन पूर्ण ताकदीचे क्लास झाले की तिसरा चालवायचा, नाचायचा नाही.

श्वासरेषा

टाचटोक यांच्या मुद्द्यांत भर. बाळंतपणानंतरच्या आणि पन्नाशीपुढच्या बऱ्याच बायका उड्यांच्या गाण्याला गुपचूप बाहेर जातात. कारण बहुतेकदा दम लागणं नसतं, उडी मारताना लघवी निसटणं असतं. त्या ते तुम्हाला सांगणार नाहीत. म्हणून बिनउडीची स्टेप मुख्य म्हणून दाखवा आणि उडी "हवी असेल तर" म्हणून. उलटं केलंत की बिनउडीचा पर्याय घेणाऱ्याला कमीपणा येतो. ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंसाठी फिजिओथेरपिस्ट असतात, हे एका वाक्यात सगळ्यांसमोर सहज सांगून ठेवावं.

पहिल्या दिवशी पार-क्यूचे (व्यायामाआधी तब्येत विचारणाऱ्या फॉर्मचे) सात प्रश्न भरून घ्या. एकालाही "हो" आलं तर आधी डॉक्टर. सीपीआरचं प्रमाणपत्र चालू ठेवा.

वजनदार

आता पैशाचं बोला. वीस जण वीस जण म्हणताय, वीस जण मावतात कुठे?

हिशेबी

हाच प्रश्न हवा होता. हात पसरून वळायला माणशी साधारण साडेतीन चौरस मीटर लागतात. ६० चौरस मीटरचा हॉल म्हणून १७ जण धरले तर चुकलात. दहा बाय सहाचा हॉल असेल तर ट्रेनर लांब भिंतीच्या मधोमध उभा राहतो, त्याच्यासाठी दोन मीटरची पट्टी सोडावी लागते. उरले दहा बाय चार, म्हणजे ४० चौरस मीटर, म्हणजे ११ जण. वीस हवे असतील तर हॉल नव्वदच्या पुढचा बघा. (अरुंद आणि खोल हॉल घेऊच नका. मागच्या रांगेला पुढच्यांची डोकीच दिसतात.)

पैसे भागांत मांडतो, म्हणजे कुणालाही लावता येईल. पर्सनल तासाचे तुम्हाला १०० भाग मिळतात समजा. ग्रुपमध्ये माणशी, क्लासमागे १० भाग. हॉलचं भाडं ८० भाग. मग पर्सनलच्या बरोबरीला यायला (१०० + ८०) ÷ १० = १८ जण लागतात. अकरा जणांच्या हॉलमध्ये ११० − ८० = ३० भाग हातात. म्हणजे लहान भाड्याच्या हॉलमध्ये ग्रुप क्लास हा पर्सनलपेक्षा तोट्याचा सौदा आहे. हे गणित न करता लोक हॉल घेतात आणि तीन महिन्यांत सोडतात.

त्यामुळे सुरुवात जिमच्या ठरावीक मानधनावर करावी. हॉल त्यांचा, स्पीकर त्यांचा, रिकामा क्लास गेला तरी तुमचं मानधन तेच. हजेरी सतत पंधराच्या वर राहायला लागली की माणशी हिश्शाची बोलणी करा. आधी हिस्सा मागू नका, पहिले दोन महिने हजेरी डुगडुगते.

महिन्याची फी असेल तर एक बारकी गोष्ट: पैसे नावनोंदणीवर येतात, जागा हजेरीवर लागते. तीस नावं आणि साठ टक्के हजेरी म्हणजे १८ जण. पण महिन्याच्या पहिल्या आठवड्यात हजेरी नव्वद टक्क्यांवर गेली तर २७ जण येऊन उभे राहतील. नोंदणी कुठे थांबवायची ते आधी ठरवा.

तयारीचे तासही धरा. एक गाणं ऐकून, लिहून, बसवून, अंगात मुरवायला तीन-चार तास जातात. तासाच्या क्लासला बारा-चौदा गाणी लागतात. ती गाणी एकाच क्लाससाठी वापरलीत तर हिशेब कधीच जमणार नाही, तेच चार क्लासना वापरलं तर जमतो.

तालमात्रा

हिशेबींच्या शेवटच्या मुद्द्याला जोडून: गाणी घाईने बदलू नका. पंधरवड्याला एक-दोन नवी, जुनी सहा ते आठ आठवडे राहू द्यात. ट्रेनरला कंटाळा येतो तेव्हा मेंबरला ते गाणं नुकतं जमायला लागलेलं असतं.

नवशिकी

आणि परवाने? झुंबा म्हटलं तर कोर्स करावाच लागतो ना?

हिशेबी

नाव वापरायचं असेल तर हो. झुंबा हे ट्रेडमार्क असलेलं नाव आहे, परवानाधारक इन्स्ट्रक्टरलाच ते लावता येतं, आणि परवाना चालू ठेवावा लागतो. "डान्स फिटनेस" म्हणून तुमचा स्वतःचा क्लास घ्यायला ते लागत नाही. लेस मिल्ससारख्या ग्रुप-फिटनेस कंपन्यांची कोरिओग्राफी तयार येते, दर तीन महिन्यांनी नवी, पण ती जशीच्या तशी करावी लागते आणि जिमकडेही त्यांचा परवाना लागतो. हातात आधी कुठलंही मान्यताप्राप्त ग्रुप इन्स्ट्रक्टरचं प्रमाणपत्र असू द्या, ब्रँड नंतर.

संगीताचा वेगळा विषय. घरगुती वापराच्या ॲपवरचं गाणं क्लासात वाजवणं हे सार्वजनिक वादन होतं, आणि त्या ॲपच्या अटींत ते बसत नाही. सार्वजनिक वादनाचा परवाना हॉलवाल्याकडे आहे का, हे लेखी विचारा. रेकॉर्ड केलेला क्लास नेटवर टाकायचा तर हॉलचा परवाना चालत नाही, ते हक्क निराळे. परवाना-मुक्त फिटनेस मिक्स मिळतात, ऑनलाइनला तेच बरे. विमा स्वतःच्या नावाने घ्या, जिमचा विमा बाहेरून येणाऱ्या इन्स्ट्रक्टरला धरतोच असं नाही.

भोंगा

आवाजाचं कुणी बोललं नाही, म्हणून खास लॉगिन केलं.

हेडसेट माइक पहिल्या दिवसापासून. गाण्यावरून ओरडणाऱ्या इन्स्ट्रक्टरांना स्वरयंत्रावर गाठी येतात आणि तेव्हा सुट्टीच घ्यावी लागते. माइक ओठांच्या कोपऱ्याशी, समोर नको, श्वासाचा फुफाटा येतो. घामाने माइक मरतात. फोम बदलता ठेवा, ट्रान्समीटरला पाण्यापासून वाचवणारी पिशवी, बॅटरीचा जास्तीचा जोड खिशात. स्पीकर डोक्याच्या उंचीच्या वर आणि तुमच्या पुढे, क्लासाकडे तोंड करून. माइक घेऊन स्पीकरच्या समोर गेलात की शिट्टी वाजणारच.

८५ डेसिबलला आठ तास ही कानाची सुरक्षित मर्यादा धरतात, आणि दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. ९१ ला दोन तास, ९४ ला एकच तास. दिवसाला तीन क्लास घेणाऱ्याने ९४ वर वाजवलं तर कान त्याचेच जातात. फोनवरचं मापक अचूक नसतं, पण अंदाज देतं. जोश वाटत नसेल तर एकूण आवाजाऐवजी थोडा बास वाढवा.

फोन विमान मोडवर, गाणी उतरवून घेतलेली. ऐन ध्रुवपदात फोन वाजला की ३२ काउंटचं सगळं शास्त्र पाण्यात.

पायरव

अवांतर नाही, पण राहिलेलं एक. नव्या माणसाला "मागे उभे राहा, तिथून बघून करा" सांगू नका. स्टेपमध्ये मागे वळण आलं की शेवटची रांग पहिली होते, आणि त्या बिचाऱ्याच्या पुढे बघायला कुणी नसतं. मधल्या रांगेत, दोन जुन्या मेंबरांच्या मध्ये उभं करा. पहिल्या क्लासात फक्त पाय, हात तिसऱ्या क्लासात.

तोंड कुणीकडे? सोप्या स्टेपला क्लासाकडे, आरशासारखं. ते उजवीकडे जाणार असतील तर तुम्ही स्वतःच्या डावीकडे जायचं, पण तोंडाने "उजवीकडे" म्हणायचं. वळणं आणि गुंतागुंतीच्या पावलांना पाठ करा. हे आरशासारखं नाचणं आपोआप येत नाही. प्रत्येक गाणं डाव्या पायानेही घरी बसवावं लागतं.

नवशिकी

पुढच्या आठवड्यात एका जिममध्ये ऑडिशन आहे, दहा मिनिटं. काय न्यावं?

आठमोजा

दोन गाणी. एक वॉर्मअपचं, एक मुख्य भागातलं. अवघड गाणं नेऊ नका, तिथे समोर तीन-चार स्टाफची माणसं असतात आणि त्यांतल्या निम्म्यांना नाचायचंच नसतं. त्यांना तुमच्याबरोबर हलवता आलं की काम झालं. घेणारा बघतो ते हे: क्यू चार काउंट आधी येतो का, चुकलेल्या माणसाकडे तुमचं लक्ष गेलं का, त्याला न थांबवता सोपा पर्याय दिला का. तुमच्या कमरेकडे कुणी फारसं बघत नाही.

गाणी फोनमध्ये आणि पेनड्राइव्हवर, दोन्हीकडे. जिमच्या स्पीकरला कुठली वायर लागते ते आदल्या दिवशी फोन करून विचारा. आणि दुसऱ्या गाण्यात मुद्दाम एकदा बोलणं बंद करून फक्त हाताच्या खुणांवर एक ब्लॉक चालवा.

नवशिकी

आणि स्टेप माझीच चुकली तर?

पायरव

हसून मार्च सुरू करा, आठ काउंट जाऊ द्या, डोक्यावर थाप मारून पहिल्यापासून घ्या. थांबून "सॉरी" म्हणू नका, पाय थांबले की नाडी उतरते. निकाल इथेच कळवा.